चहाला बाई, वाणाला नाही

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची ट्रान्स बाई आहे. मूळची नगर जिल्ह्यातली, सध्या पुण्यात कॉट बेसिसवर राहते. ऑक्टोबरपासून एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिलिंगला लागलीये, पहिलीच नोकरी, सहा महिने प्रोबेशन. आधार पॅन नव्या नावाने आहे पण डिग्रीवर जुनं नाव, ते एचआरने बघितलं आणि आठवड्याभरात अख्ख्या मजल्याला कळलं.

कॉलेजला असताना मी सुट्टीत एका सीएकडे मुलगा म्हणून काम करायचे, तेव्हा लेजरमधली चूक काढली की सर खूश होऊन पुढची फाईल द्यायचे. इथे एकाच एलआरची, म्हणजे ट्रकमध्ये माल भरल्याच्या पावतीची, दोन बिलं झालेली दाखवली तर साहेब म्हणाले, तुला कुणी सांगितलं हे बघायला, जा दूध आलंय का बघ. चहा रोज मीच करते. खरं सांगू का, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला आतून बरंच वाटलेलं, म्हटलं चला, यांनी बाई तरी धरलं. आता दिवसातून चार वेळा करते आणि सोमवारी तर साहेबांचं डोकं फिरलेलं असतं त्यामुळे पाच वेळा. लेडीज वॉशरूम मात्र वापरायची नाही, बायकांना ऑकवर्ड होतं म्हणे, खाली गोडाऊनचं वापर. म्हणून मी पाणीच पीत नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाची रांगोळी माझ्याकडून काढून घेतली आणि वाणाच्या वाट्या माझ्या टेबलासमोरून पुढे गेल्या. परवा साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ऑपरेशन पूर्ण झालं का अर्धंच, मी हसले. सोडू का नोकरी? पण रूमवाल्या काकू सॅलरी स्लिप मागतात.

उत्तर : आधी पाणी पी गं बाई. लघवी धरून धरून इन्फेक्शन झालं तर सुट्ट्या तुझ्या जाणार आणि प्रोबेशनमध्ये त्याही मोजल्या जाणार.

चहाचं जे लिहिलंयस ते वाचून मी जरा वेळ नुसतीच बसले. ते बरं वाटणं खोटं नाहीये, लाजू नकोस त्याला. पण त्या बरं वाटण्यावरच तुझं ऑफिस चहा पितंय. मी नोकरीला लागले तेव्हा वाढदिवसाचा केक आणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं, मी वैतागले आणि दोन महिन्यांत सोडून दिलं, कारण मी बाई आहे की नाही हा प्रश्न मला कुणी विचारणार नव्हता. तुला नाही म्हणताना भीती वाटते की नाही म्हटलं तर बाईपण पण काढून घेतील. ते त्यांनी दिलेलंच नाही तर काढून काय घेणार! काम सांगताना बाई आणि दार उघडताना नाही, असा हिशोब चाललाय तिकडे, आणि बिलिंगवालीला दोनदा लावलेलं बिल दिसतंच.

वाणाचं म्हणशील तर मला एक विचारायचंय, तुझ्या मजल्यावर नवरा गेलेली कुणी आहे का आणि तिच्या टेबलावर वाटी ठेवली होती का? असली तरी बहुतेक ठेवली नसणारच. कुठली बाई चालते आणि कुठली नाही हे ठरवायची खोड आपल्याकडे फार जुनी आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साली विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव करावा लागला, म्हणजे बघ. अशी कुणी असेल तर डबा तिच्यासोबत खात जा. कायदाबियदा नंतर, ऑफिसात आधी एक माणूस लागतं.

आता कायदा. ट्रान्स व्यक्तींसाठीचा २०१९ चा कायदा खाजगी कंपनीलाही लागू आहे, नोकरीत भेदभाव करायचा नाही हे त्याच्या कलम ९ मध्ये आहे आणि कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. २०२० च्या नियमांत तर कंपनीने समान संधी धोरण करून लावायचं आहे, त्यात युनिसेक्स टॉयलेटसारख्या सोयी काय आहेत ते लिहायचं आणि कर्मचाऱ्याची लिंगओळख गुप्त ठेवायची हेही. म्हणजे एचआरने जे केलं ती नुसती चुगली नाही. तक्रार अधिकाऱ्याने १५ दिवसांत चौकशी करायची असते. तुझ्या ऑफिसात हा अधिकारी कोण हे कुणालाच माहीत नसणार, म्हणून पहिला मेल भांडणाचा करूच नकोस, एवढंच विचार की आपल्याकडे तक्रार अधिकारी कोण आहेत आणि वॉशरूमबद्दल धोरण काय आहे, लेखी कळवावं. दोन ओळी बास.

साहेबाचा ऑपरेशनवाला प्रश्न वेगळा. तो शरीरावरचा अश्लील शेरा आहे, हसलीस म्हणून चालून जात नाही, आपण सगळ्याच अशा वेळी हसतो. १० किंवा जास्त लोक असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते, तक्रार ३ महिन्यांच्या आत द्यायची. लैंगिक छळाच्या त्या कायद्यात पीडित 'महिला' असं लिहिलंय, त्यावरून कुणी फाटे फोडायला गेलं तर फोडू दे, तू महिला म्हणूनच अर्ज दे आणि एक कॉपी तक्रार अधिकाऱ्याला. आजच्या आज तारीख, वेळ, समोर कोण कोण होतं ते लिहून स्वतःलाच मेल करून ठेव, ऑफिसच्या आयडीवर नको. त्या दुबार बिलाचाही मेल टाक, एलआर नंबरसकट. म्हणजे प्रोबेशन संपताना काम जमत नाही म्हणायला गेले तर तुझ्याकडे कागद असेल.

सोडायचं का? दुसरी हातात आल्याशिवाय नको. २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ ट्रान्स लोकांना नोकरी दिली, केवढं कौतुक झालं, आणि महिन्याभरात काही जणांनी सोडली कारण शहरात कुणी खोलीच देईना. तुझ्याकडे निदान कॉट आहे, ती आधी सांभाळ. हे सगळं सहन कर असं म्हणत नाहीये मी, पण निघायचंच असेल तर स्लिपा आणि एक्सपिरियन्स लेटर घेऊन निघ, रडत निघू नकोस.

आणि चहा. उद्यापासून बंद करू नकोस, पाळी लाव. कागदावर सगळ्यांची नावं लिहून पँट्रीत चिकटव, तुझंही लिही, आणि सोमवार साहेबांना दे.