खेळाचे नियम मोबाइलवर पोहोचवताना

नव्याने क्रीडा संचालक झालेल्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाचे पात्रतेचे परिपत्रक जसेच्या तसे व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये, कारण ते जळगावात काय किंवा नंदुरबारात काय, कोणी उघडत नाही. एका वेळी एकच नियम प्रसंगासह मांडावा. उदाहरणार्थ, सर्दीच्या गोळीतील स्यूडोएफेड्रिन स्पर्धाकाळातील लघवीच्या नमुन्यात प्रतिमिलिलिटर १५० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास खेळाडू उत्तेजक सेवनाच्या कारवाईत सापडू शकतो, हे कबड्डीपटूला संघ रवाना होण्यापूर्वीच कळले पाहिजे. अहिराणीत बोललेली छोटी ध्वनिफीत पीडीएफपेक्षा अधिक ऐकली जाते, असे माझे मत आहे. नियम सांगणाऱ्या प्रत्येक चित्रावर शैक्षणिक वर्ष अवश्य छापावे; जुना नियम मुले पुढे पाठवतच राहतात. मात्र कोणाची अपात्रता गटावर जाहीर न करता समोर बसवूनच सांगावी.