कर्फ्यूमधला 'फ्यू'

सप्रेम आशीर्वाद.

तुझी वही वाचली. होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या पहिल्या ओळीवर केलेल्या लघु-गुरूच्या, म्हणजे आखूड-लांब अक्षरांच्या, खुणा बरोबर आहेत. त्याच पद्धतीने इंग्रज कवी थॉमस ग्रेच्या ओळीवर केलेल्या मात्र चुकल्या.

आधी एक गोंधळ मिटवू. ग्रीक छंदातल्या 'पाया'ला तू चरण म्हटलंयस. आपला चरण म्हणजे अख्खी ओळ. ग्रीकांचा पाय म्हणजे आपला गण, ओळीतला अक्षरांचा छोटा गट. इलियडची सुरुवात बघ: मे-नि-न. गुरु, लघु, लघु. हा तर भगणच! ते त्याला डाक्टिलोस म्हणतात, म्हणजे बोट. तर्जनी ताणून बघ: एक लांब पेर, दोन आखूड. ओळीत असे सहा गण. भगणाऐवजी दोन गुरूही चालतात, कारण मात्रा चारच राहतात. शेवटचा गण तेवढा दोन अक्षरी. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरु होतं, हा नियमही जवळपास आपलाच. म्हणून तिथे तुझा कान चुकला नाही.

आता थॉमस ग्रेची 1751 सालची ओळ: 'द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे'. 'फ्यू' दीर्घ, 'टिं'वर अनुस्वार, म्हणून तू दोन्हींवर गुरूची रेघ ओढलीस. मराठी कान दुसरं काय करणार? पण इंग्रजीत अक्षराची लांबी नाही, आघात, म्हणजे अक्षरावरचा जोर, मोजतात. तो पडतो कर्, टोल्स, नेल, पार् आणि डे यांवर. 'द कर्' हा एक गण, 'फ्यू टोल्स' दुसरा. हलकं-जड, हलकं-जड, असं पाचदा. गण शब्दाच्या मधोमध तुटला तर बिचकू नकोस, आपल्या वृत्तांतही तो तुटतोच.

खरी अडचण अशी, की आपण इंग्रजी सपाट बोलतो. शब्दकोशात उच्चार दाखवताना अक्षराआधी वर एक बारीक उभी रेघ असते, तिच्याकडे मीही कित्येक वर्षं बघितलं नव्हतं. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर 'रे'वर, क्रियापद असेल तर 'कॉर्ड'वर. रोज दहा शब्द टेबलावर बोट आपटत मोठ्याने म्हण. घरचे हसतील, हसू देत.

अमेरिकन कवी लाँगफेलोने 1847 मध्ये होमरचा सहा पायांचा छंद इंग्रजी आघातांवर बसवून 'इव्हँजलिन' हे काव्य लिहिलं. मला ती चाल दहा ओळींत कंटाळवाणी होते. तुला आवडली तर तसं कळव.

पुढच्या खेपेला शेक्सपिअरच्या हॅम्लेटची 'टु बी, ऑर नॉट टु बी' ही ओळ पूर्ण घे. अक्षरं दहा नाहीत, अकरा आहेत. जादा अक्षर कुठे पडलंय, ते खुणा करून पाठव. आणि त्यातल्या 'दॅट'वर जोर द्यायचा की नाही, यावर माझ्याशी भांडायची तयारी ठेव.