दहा जागा भरायलाच हव्यात का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही अमेरिकेत राहतो, मुलगी अकरावीत आहे, पुढच्या वर्षी कॉलेजचे अर्ज करायचेत. मार्क चांगले आहेत, दोन एपी (शाळेतच घेतात ते कॉलेजच्या पातळीचे विषय) पण घेतलेत. पण बाकी म्हणाल तर सात वर्षं गाणं शिकतेय आणि शाळेतून आली की धाकट्या भावाला सांभाळते, कारण आम्ही दोघंही संध्याकाळी सहानंतर घरी येतो. तिच्या मैत्रिणींचं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, डीबेट, रोबोटिक्स, मॉडेल यूएन, एकीने तर स्वतःचं नॉनप्रॉफिट काढलंय. गाणं वर्षभर बंद ठेवून तिला तीन-चार क्लबमधे घालावं असं वाटतंय. उशीर झालाय का? — एक आई

उत्तर : गाणं बंद करू नका. हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजी वाटली ती हीच ओळ.

आता बाकीचं. कॉमन अ‍ॅपचा फॉर्म, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकच चालतो तो अर्ज, एकदा मुलीबरोबर बसून बघा. त्यात अ‍ॅक्टिव्हिटींसाठी जास्तीत जास्त १० जागा असतात, सगळ्या भरा असं कुणी म्हणत नाही. प्रत्येकीचं वर्णन १५० कॅरेक्टर्समधे बसवायचं, म्हणजे एखाद-दोन वाक्यं झाली की जागा संपली, आणि त्याच्याच जोडीला विचारतात की हे कुठल्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे. इथेच सगळं दिसतं बघा. अकरावीत अचानक चार क्लब आणि प्रत्येकात आठवड्याला एक तास, हे कशासाठी केलंय ते वाचणाऱ्याला लगेच कळतं, रोज तसे कितीतरी अर्ज त्यांच्यासमोर असतात. आणि नववीपासून दरवर्षी, आठवड्याला सहा-सात तास गाणं, हे सुद्धा कळतं. एमआयटी स्वतःचा वेगळा फॉर्म वापरते आणि त्यात अ‍ॅक्टिव्हिटीसाठी जागाच ४ असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या फॉर्ममधे २० नोंदी करता येतात, पण त्यात बक्षिसं, नोकरी, व्हॉलंटियरिंग सगळंच आलं, त्यामुळे २० आकडा बघून घाबरू नका.

भावाला सांभाळणं तुम्ही "बाकी काही नाही" ह्या सुरात लिहिलंय ना, तर कॉमन अ‍ॅपच्या यादीत कौटुंबिक जबाबदारी हा स्वतंत्र प्रकार आहे. रोज दुपारी तीन ते सहा म्हणजे आठवड्याला पंधरा तास झाले, बऱ्याच क्लबवाल्यांचे एवढे तास होत नाहीत. मुलीला म्हणावं हे लिही, आणि नुसतं "भावाला सांभाळते" नको, त्याचा अभ्यास घेते, खायला करते, क्लासला सोडते, जे खरंच करते ते लिही. अर्ज वाचताना ती रिकाम्या वेळात काय करत होती हे बघतात, आणि तिच्याकडे रिकामा वेळ मुळात किती होता हे पण बघतात, पण ते आपण सांगितलं तरच त्यांना कळणार.

ह्या सगळ्याचं वजन किती, तर आधी मार्क आणि कठीण विषय घेतलेत का ते, अ‍ॅक्टिव्हिटी त्याच्यानंतर. कमी जीपीए (मार्कांची सरासरी) क्लबांनी भरून निघत नाही. पण जिथे जागांच्या कितीतरी पट चांगल्या मार्कांची मुलं अर्ज करतात तिथे मार्कांवर निवड करताच येत नाही, मग ह्या गोष्टी पुढे येतात. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या कोर्टकेसमधे (निकाल २०२३ मधे लागला) बाहेर आलंच की तिथे अभ्यास, अ‍ॅक्टिव्हिटी, खेळ, स्वभाव ह्यांना वेगवेगळे आकडे देतात. उलट टेक्सासमधे १९९७ पासून कायदाच आहे, तिथल्या शाळेत वर्गात वरच्या ठराविक टक्क्यांत असलात की सरकारी युनिव्हर्सिटीत प्रवेश आपोआप, फक्त हवी ती मेजर (मुख्य विषय) मिळेलच असं नाही, तिथे बाकीचं बघतात. आणि कम्युनिटी कॉलेजला (स्थानिक, दोन वर्षांचं कॉलेज) तर अ‍ॅक्टिव्हिटी कुणी विचारतच नाही. त्यामुळे शेजारणीचं ऐकण्यापेक्षा असं करा, तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे "कॉमन डेटा सेट" लिहून सर्च करा, त्यातल्या सी-७ ह्या तक्त्यात कॉलेज स्वतः सांगतं की अ‍ॅक्टिव्हिटी फार महत्त्वाच्या, महत्त्वाच्या, विचारात घेतो, की अजिबात बघत नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्मी भीती तिथेच जाते.

नॉनप्रॉफिटचं बोलायचं तर मुलीला मनापासून काही करायचं असेल तर जरूर करू दे, पण अर्जात दाखवायला म्हणून पैसे भरून संस्था काढू नका. अर्जासोबत शिक्षकांची, शाळेच्या काउन्सेलरची (मुलांना सल्ला देणारे) पत्रं जातात, त्यात त्या कामाचा उल्लेखसुद्धा नसेल तर ते उघडं पडतं. मुलीकडे करायला काही नसतं तर गोष्ट वेगळी होती, पण तिच्याकडे आहे. लहान मुलांना गाणं शिकवावंसं वाटतंय का, जवळच्या वृद्धाश्रमात जाऊन गायचंय का, एवढं फक्त तिला विचारा आणि नको म्हणाली तर सोडून द्या. उशीर अजिबात झालेला नाही, अर्ज बारावीत, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत जातात.

प्रश्न : मी दहावीत आहे, इथेच अमेरिकेत. शनिवार-रविवार दुकानात काम करतो, घरी पैसे लागतात. त्यामुळे कुठल्याच टीममधे नाही. माझा अर्ज कमी पडेल का? — एक विद्यार्थी

उत्तर : नाही रे बाळा. पगारी नोकरी हा पण त्या यादीतला एक प्रकार आहे, आणि तो क्रीडा किंवा संगीताच्या खाली नाहीये, क्रम तूच लावायचा असतो, तुला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वर. आजपासून एका वहीत लिहून ठेव, कधी लागलास, आठवड्याला किती तास, आधी काय करायचास आणि आता काय सोपवतात, गल्ला सांभाळतोस का, नवीन मुलांना शिकवतोस का, कारण दोन वर्षांनी हे आठवत नाही. पगार घरी देतोस हे तुझ्या काउन्सेलरला सांग. लाज वाटेल, तरी सांग, कारण तुझ्याबद्दल कॉलेजला पत्र तेच लिहितात आणि त्यांना माहीत नसेल तर ते लिहिणार कसं. आणि कामामुळे अभ्यास मागे पडायला लागला तर मात्र मालकाशी बोलून परीक्षेच्या आठवड्यात तास कमी करून घे.