निळंच झाकण का वाकतं? न्यूक्लिएटिंग एजंट टाकू का?

म्हणजे मोल्ड तोच, पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) दाणा तोच. पांढरं झाकण सरळ निघतं, निळं वाकतं, आणि न्यूक्लिएटिंग एजंट (प्लास्टिकला लवकर स्फटिक धरायला लावणारा पदार्थ, म्हणजेच न्यूक्लिएटर) टाकून सुटेल का असं तुम्ही विचारताय. मी गोकुळ शिरगावला मोल्डिंगमध्येच आहे. माझ्या मते तुमच्या निळ्यात न्यूक्लिएटर आधीच पडलाय, तो म्हणजे तुमचा रंग.

स्वस्त आणि गडद निळा बहुतेक वेळा थॅलोसायनिन जातीचा रंग असतो. हिरव्याचंही तेच. पीपी थंड होताना स्फटिक धरायला काहीतरी आधार शोधतं आणि या रंगाचे कण तो आयता देतात. आपल्याकडे साखर कारखान्यात पॅनला साखरेच्या बारीक कणांचं सीड देतात ना, तसंच: सीड जास्त तर दाणे जास्त आणि बारीक. साधं पीपी साधारण ११०-११५ अंशांना स्फटिक धरतं, चांगला न्यूक्लिएटर असेल तर १२५च्या पुढेही. माल मोल्डमध्ये लवकर आवळतो, कूलिंग टाइम वाचतो. पण श्रिंकेजही (आकसणंही) बदलतं, आणि ते प्रवाहाच्या दिशेला वेगळं, आडवं वेगळं. मधे गेट (प्लास्टिक आत शिरायचं तोंड) असलेलं चपटं झाकण मग पिळणारच.

उपाय म्हणून रंगापेक्षा जोरकस न्यूक्लिएटर, उदाहरणार्थ फॉस्फेट एस्टरचा क्षार, ०.१ ते ०.२ टक्के सगळ्याच रंगांत द्यायचा. त्याने झाकणं सरळच येतील असं नाही. पण सगळे रंग बरेचसे सारखे वागतील. मग सेटिंग एकदाच बसवा. अल्ट्रामरीन निळा वाकवत नाही, पण रंग फिका चढतो आणि आम्लाने उडतो, म्हणून लोणच्याच्या बरणीला मी तो देणार नाही.

सॉर्बिटॉलवाला न्यूक्लिएटर विकायला कोणी आला तर तो न्यूक्लिएटर पारदर्शक डब्यांसाठी आहे, निळ्या झाकणात पैसे वाया. शिवाय तो वितळलेल्या पीपीत पूर्ण विरघळावा लागतो. बॅरल (मशीनमधली दाणा वितळवणारी नळी) थंड ठेवलं तर पांढरे ठिपके दिसतात. साध्या पॉलिस्टायरीनमध्ये तर यातलं काहीच चालत नाही, ते स्फटिक धरतच नाही.

खर्च करण्याआधी त्याच सेटिंगवर बिनरंगाची थोडी झाकणं काढा. लगेच मोजू नका, पीपी मोल्डबाहेरही आकसत राहतं. दुसऱ्या दिवशी मोजा. बिनरंगाचंही वाकलं असेल तर रंगाला सोडा आणि मोल्डच्या दोन्ही बाजूंचं पाणी सारखं फिरतंय का ते बघा.