आकडे गोळा करायच्या आधी

अरे, गुन्ह्यांच्या आकडेवारीचा छान विषय घेतलायस, पण लगेच एक्सेल उघडू नकोस, आधी एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) रिपोर्टमधल्या तळटीपा वाच, नवीन माणूस नेमक्या त्याच सोडतो.

- आकडा नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेल्या नाही. वाढला म्हणजे कधीकधी लोक तक्रार द्यायला लागलेत इतकंच.
- राज्यांची तुलना दर लाख लोकसंख्येवर कर.
- एकाच एफआयआरमध्ये खून आणि चोरी असेल तर खूनच मोजतात.

आणि आपल्या पुण्याचं बघ, ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय वेगळं झालं, म्हणजे पुणे पोलिसांची हद्दच कमी झाली, त्यामुळे आधीचे नंतरचे आकडे सरळ शेजारी ठेवलेस तर फसशील (मी फसलोय, वर मित्रांना सांगूनही बसलो की पुणे सुधारलं!). १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे गुन्ह्यांची कलमंही बदललीत. सुरुवातीला एकच गुन्हा, पाच वर्षं घे, रिग्रेशन (एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध मोजायची पद्धत) वगैरे नंतर बघू.