ब्रिटिशकालीन दारूकोठारांना, म्हणजे बंदुकीची दारू साठवायच्या इमारतींना, खिडक्या नसतात, मग आत हवा कशी खेळायची? आमच्या गावाजवळच्या अशा कोठारात वाचनालय काढता येईल का?

खिडक्या नसतात, पण झरोके असतात. बाहेरून अरुंद उभी फट दिसते. हात घातलात तर वीतभर आत दगड लागतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, कोणीतरी बुजवलाय. बुजवलेला नसतो. भिंतीच्या पोटात मुद्दाम दगड ठेवून हवेला त्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घ्यायला लावतात. वारा आत येतो, पण ठिणगी किंवा गोळी सरळ आत शिरत नाही. फ्रेंच किल्लेबांधणीतला वोबाँ १७व्या शतकात अशी कोठारं बांधत होता, इंग्रजांनी पुढे तीच युक्ती वापरली.

याच झरोक्यांवरून माझं एका वरिष्ठाशी चारचौघांत वाजलं होतं. एका जुन्या लष्करी ठाण्यातल्या कोठाराची डागडुजी चालू होती, मी साइटवर होतो. हातभर जाडीच्या भिंती, बाहेरून टेकू, वर विटांचं कमानी छत. दाराच्या फळ्यांवर खिळ्यांभोवती हिरवट डाग होते, म्हणजे खिळे तांब्याचे. लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी, म्हणून बिजागऱ्यासुद्धा पितळी. साहेब आले, म्हणाले, "वटवाघळं येतात, सगळी भोकं बुजवा आणि सिमेंटचा गिलावा मारा." मी चुन्याचा आग्रह धरला. आमचा म्हातारा गवंडी हळूच म्हणाला, "साहेब, भिंत घुसमटंल." त्याला हाकलून दिलं. पावसाळा सरता सरता भिंतींना लोणा लागला, गिलाव्याचे पोपडे पडले आणि अहवालात लिहिलं गेलं: मूळ दगड निकृष्ट.

निकृष्ट काय डोंबल! बुजवलेल्या भोकांनी आणि सिमेंटने ओल भिंतीतच कोंडली होती. बंदुकीच्या दारूत पाऊण हिस्सा सोरा, उरलेला कोळसा नि गंधक. ओल लागली की ढेकळं होतात आणि तोफेत फुसकी निघते. ठेवणाऱ्याला आगीइतकीच ओलीची धास्ती. म्हणून तर लाकडी जमीन उचलून घेतलेली आणि तिच्याखालून वारा खेळता ठेवलेला.

छताचं म्हणाल तर किल्ल्यातल्या कोठाराला जाड कमान, वरून पडणारा गोळा सोसायला. माळावरच्या कोठाराला मात्र बऱ्याचदा हलकं छप्पर, म्हणजे स्फोट झालाच तर वर जाईल. विजेची भीती वेगळीच. इटलीत ब्रेशियाला १७६९ साली साठवलेल्या दारूवर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग उडाला. मग इंग्लंडमधल्या पर्फ्लीटच्या कोठारांसाठी १७७२ मध्ये समिती बसली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि हेन्री कॅव्हेंडिश हे शास्त्रज्ञ. इमारतीवरच्या वीजवाहकाचं, म्हणजे आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळीचं टोक अणकुचीदार हवं की बोथट, यावरही भांडणं झाली. साहेब लोक तेव्हाही होतेच.

वाचनालय खुशाल काढा, पुस्तकांनाही कोरडी हवाच लागते. झरोक्यांना आतून बारीक जाळी लावा, वटवाघळांचा प्रश्न मिटतो. दरजा चुन्यानेच भरा. सिमेंट मुळातच वाईट असं मी म्हणत नाही, नव्या बांधकामात मीही तेच वापरतो. आणि इमारत पुरातत्त्व खात्याकडे असेल तर परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकू नका. कोणी "भोकं बुजवा" म्हणालाच, तर ते त्याच्याकडून सहीनिशी लेखी घ्या.