भुंगेऱ्यांना नावडणारी झाडे

प्रश्न : आम्ही अमेरिकेच्या पूर्व भागात राहतो. अंगणातील गुलाब, द्राक्षवेल आणि लिंडनची पाने दर उन्हाळ्यात हिरव्या-तांबूस भुंगेऱ्यांमुळे चाळणीसारखी होतात. फवारणीचा कंटाळा आला आहे. या किडीला बळी न पडणारी झाडे कोणती?

उत्तर : वर्णनावरून हा जपानी भुंगेरा वाटतो. खात्रीसाठी एक भुंगेरा हातात घेऊन पाहावा. तांबूस पंखांच्या कडेखाली पोटाच्या प्रत्येक बाजूस पांढऱ्या केसांचे पाच झुबके दिसले, तर शंका उरत नाही. आपल्याकडील हुमणीच्याच कुळातला हा कीटक 1916 साली न्यू जर्सीतील एका रोपवाटिकेत अमेरिकेत प्रथम आढळला. तो तीनशेहून अधिक वनस्पती खातो. मात्र त्याच्या आवडीनिवडी पक्क्या आहेत, आणि आपण नेमकी त्याच्या आवडीची तीन झाडे लावली आहेत.

होली, बॉक्सवूड, लायलॅक, हायड्रेंजिया, मॅग्नोलिया आणि डॉगवूड यांच्याकडे तो सहसा फिरकत नाही. केवळ झाडाचे कुळ पाहून निवड करणे मात्र फसवे ठरते. जपानी आणि नॉर्वे मेपलची पाने तो आवडीने खातो, पण रेड मेपलला फारसा त्रास देत नाही; लिंडनमध्येही, पानांच्या खालच्या बाजूस दाट लव असलेल्या सिल्व्हर लिंडनचे नुकसान इतर लिंडनच्या तुलनेत कमी होते. म्हणून रोपवाटिकेत जाताना जातीचे पूर्ण नाव लिहून न्यावे. शिवाय 'प्रतिकारक' म्हणजे 'अभेद्य' नव्हे. भुंगेऱ्यांची संख्या फार वाढली, तर अशा झाडांवरही थोडीफार भोके दिसतील.

लिंडन मोठे आणि निरोगी असेल, तर ते तोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाने विद्रूप दिसली तरी असे झाड सहसा मरत नाही. गुलाबही सगळे काढण्याची गरज नाही. कुरतडलेल्या पानांच्या वासाने आणखी भुंगेरे येतात, त्यामुळे पहिले काही दिसताच, सकाळी ते सुस्त असताना, साबणाच्या पाण्यात झटकून टाकावेत. हे काम दोन-तीन झुडपांपुरते सहज जमते, वीस झुडपांना नाही. गंधाचे सापळे मात्र बागेत लावू नयेत, कारण त्यांच्याकडे ओढले गेलेले सगळेच भुंगेरे सापळ्यात पडत नाहीत. उरलेले जवळच्या झाडांवर बसतात. झाडे बदलल्याने हिरवळीखाली गवताची मुळे खाणाऱ्या याच भुंगेऱ्याच्या अळ्या कमी होत नाहीत. त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.